मलावीला दोन आठवडे जाऊ की वर्षभर?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारे त्रेचाळीस वर्षांचे जनरल सर्जन, उत्तर महाराष्ट्रात तालुक्याच्या गावी स्वतःचं छोटं हॉस्पिटल, बायको भूलतज्ज्ञ, मुलगी नववीत, घरी आई. शाळेत असताना डॉ. कोटणीसांची गोष्ट ऐकली तेव्हापासून "आपणही कधीतरी" हे डोक्यात आहे. आता एमएसच्या बॅचमधल्या मित्रामुळे आफ्रिकेतल्या मलावी या देशातून दोन ऑफर आल्यात. एक, दोन आठवड्यांचा ऑपरेशन कॅम्प, शंभर केसेसचं टार्गेट. दुसरी, एका जिल्हा हॉस्पिटलमध्ये वर्षभर राहून तिथल्या स्टाफला सर्जरी शिकवायची. त्यांचा कल कॅम्पकडे आहे कारण कमी दिवसांत जास्त पेशंटचं भलं होईल आणि घराची घडी मोडणार नाही. जाताना जुना लॅप्रोस्कोपीचा (दुर्बिणीतून ऑपरेशन करायचा) सेट तिथे देऊन यायचा विचार आहे. नातेवाईक म्हणतात आपल्याकडे काय गरीब कमी आहेत का. बायको हो पण म्हणत नाही, नाही पण म्हणत नाही. शेवटी विचारलंय, "मी गेलो नाही तर त्या शंभर लोकांचं कोण करणार?"

डॉक्टर, पत्र रात्री वाचलं आणि सकाळी चहा घेताना परत वाचलं, आणि दोन्ही वेळा त्या शेवटच्या प्रश्नाशीच थांबले. कारण हाच प्रश्न मनात घेऊन मीही पहिल्यांदा मलावीला गेले होते, असाच दोन आठवड्यांचा कॅम्प करायला. त्यामुळे आधी तेव्हा काय झालं ते सांगते, सल्ला नंतर.

आम्ही तीन सर्जन होतो. सकाळी सातला ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत शिरायचो ते रात्रीच बाहेर पडायचो, हर्निया, हायड्रोसिल, गाठी, परत हर्निया. पेशंट आदल्या दिवशीपासून व्हरांड्यात चटया टाकून बसलेले, बरोबर एक नातेवाईक, कारण तिथे पेशंटचं जेवण-धुणं नातेवाईकांनीच बघायचं असतं, हॉस्पिटलच्या मागे त्यांच्या चुली पेटलेल्या असायच्या. शेवटच्या दिवशी सिस्टर्सनी गाणं म्हटलं, फोटो झाले, शनिवारच्या विमानाने आम्ही परत आलो. मी खूप खूश होते, खरंच होते, घरी आल्यावर महिनाभर जो भेटेल त्याला तेच सांगत होते.

दीड वर्षाने त्याच हॉस्पिटलमध्ये परत गेले, या वेळी अकरा महिन्यांसाठी. तिथला क्लिनिकल ऑफिसर, म्हणजे डॉक्टरची डिग्री नसलेला पण ऑपरेशनं करणारा माणूस, जो कॅम्पमध्ये आम्हाला असिस्ट करायचा, त्याने दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी एक शाळेची वही आणून माझ्यापुढे ठेवली. निळ्या शाईत, बारीक अक्षरात, आमचे जे जे पेशंट आम्ही गेल्यावर परत आले ते सगळे त्याने लिहून ठेवले होते. टाक्यांत पू. अंडकोशात रक्त साकळलेलं. एकाचा हर्निया परत आला आणि आतडं अडकलं, रात्री याने एकट्याने पोट उघडलं होतं. आणि वहीच्या मागच्या पानावर आणखी एक नोंद होती, कॅम्पच्या दोन आठवड्यांत टेबल रिकामं नव्हतं म्हणून पुढे गेलेल्या त्यांच्या स्वतःच्या केसेस, आणि आम्ही वापरून संपवलेले टाक्याचे धागे जे पुढचे दोन महिने मिळाले नाहीत. त्याने तक्रार केली नाही. वही पुढे केली आणि चहा आणायला गेला.

हे कॅम्प म्हणजे वाईट असं म्हणायला सांगत नाहीये. ज्या माणसाचा दहा वर्षांचा हर्निया गेला त्याला विचारलं तर तो म्हणेल या परत. पण तुम्ही विचारताय "त्या शंभर लोकांचं कोण करणार", आणि मला वाटतं त्याच्या पुढचा प्रश्न विचारायला हवा, एकशे एकाव्याचं कोण करणार, तुम्ही विमानात बसल्यावर सोमवारी सकाळी जो येईल त्याचं. लान्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१५ साली हिशोब मांडला होता, जगात पाचशे कोटी माणसांना सुरक्षित आणि परवडणारी सर्जरी मिळत नाही, आणि दर वर्षी आणखी १४ कोटी ३० लाख ऑपरेशन्स व्हायला हवीत. हा आकडा बाहेरून येणाऱ्या सर्जननी, कितीही आले तरी, भरून निघणारा नाही. तो तिथेच राहणाऱ्या माणसांच्या हातांनीच भरणार.

आणि ते हात तिथे आहेत, डॉक्टर. तुमच्या पत्रात "तिथे काहीच नाही" हे वाक्य दोनदा आलंय, तेवढं जरा बाजूला ठेवा. मलावीत पहिलं मेडिकल कॉलेज १९९१ साली ब्लांटायरला सुरू झालं, म्हणजे डॉक्टर कमी आहेत हे खरंच, लोकसंख्या दोन कोटींच्या आसपास आणि सर्जन मात्र काही डझन. पण जिल्हा हॉस्पिटल्स चालवतात ते क्लिनिकल ऑफिसर्स, एमबीबीएस नसलेले पण काही वर्षांचं ट्रेनिंग घेतलेले लोक, आणि सिझेरियन तेच करतात. २००७ साली मलावीतला एक अभ्यास छापून आला होता, त्यात सिझेरियन आणि बाळंतपणातल्या इतर मोठ्या इमर्जन्सी ऑपरेशन्सपैकी दहातली जवळपास नऊ क्लिनिकल ऑफिसर्सनी केलेली होती आणि ऑपरेशननंतर पेशंट कसे राहिले यात ते आणि डॉक्टर यांच्यात फारसा फरक नव्हता. आता त्यांच्यासाठी सर्जरीतली बीएससीही आहे. म्हणजे तुम्ही मोकळ्या रानात चालला नाही आहात, तुम्ही अशा माणसाच्या ओटीत पाहुणे म्हणून जाणार आहात ज्याने तुमच्यापेक्षा कदाचित जास्त सिझेरियन केलेत, आणि ज्याला पिळलेलं आतडं सोडवताना शेजारी कुणीतरी उभं राहावं एवढंच हवंय.

आता "उभं राहणं" म्हणजे काय ते सांगते, कारण ऐकायला सोपं वाटतं.

माझ्या अकरा महिन्यांतला साधारण चौथा महिना. सिग्मॉइड व्हॉल्व्ह्युलस, म्हणजे मोठं आतडं खालच्या भागात पिळलेलं, तिकडे हे फार दिसतं, पोट नगाऱ्यासारखं टम्म. सर्जन तो वहीवाला क्लिनिकल ऑफिसर, असिस्टंट मी. पोट उघडलं, आतडं काळसर, आणि दहा मिनिटांत लाईट गेली. जनरेटरला डिझेल नव्हतं. सिस्टरने मोबाईलचा टॉर्च लावला, दुसऱ्या सिस्टरने दुसरा, मी कपाळावरचा दिवा काढून त्याच्या कपाळाला बांधला आणि त्या क्षणी माझे दोन्ही हात आपोआप त्या आतड्याकडे गेले. मी ते मागे घेतले. तो मेसेंटरी, म्हणजे आतड्याला धरून ठेवणारा पडदा, बांधत होता, त्यातली एकेक रक्तवाहिनी, सावकाश, इतकं सावकाश की माझ्या बोटांना अक्षरशः मुंग्या येत होत्या, आणि मी नुसतं म्हणत होते "हां, तिथेच, आणखी थोडं खाली, आता बांध". मी तासाभरात उरकलं असतं ते त्याला पावणेतीन तास लागले. भूल देणारा मुलगा हाताने बॅग दाबत बसला होता. पेशंट वाचला.

पुढे आठव्या महिन्यात मी मलेरियाने आडवी होते, चार दिवस, आणि पाचव्या दिवशी राऊंडला गेले तर कोपऱ्यातल्या खाटेवर कोलोस्टमीची बॅग (आतड्याचं तोंड पोटावर काढून लावतात ती पिशवी) लावलेला एक म्हातारा न्सिमा, म्हणजे तिकडचं मक्याच्या पिठाचं जेवण, खात बसलेला. मी विचारलं हे कुणाचं, तर तो क्लिनिकल ऑफिसर म्हणे मंगळवारी रात्री मीच केलं, तुम्हाला उठवलं नाही. डॉक्टर, इतक्या वर्षांत माझ्या हातून झालेल्या कुठल्याही केसपेक्षा ती केस मला जास्त आठवते, जी मी पाहिलीही नाही.

कोटणीसांबद्दल तुम्ही लिहिलंय म्हणून. आपल्याला शाळेत सांगतात ते सोलापूरचा तरुण डॉक्टर १९३८ साली चीनला गेला, लढाईच्या धुमश्चक्रीत दिवसरात्र ऑपरेशन्स केली आणि १९४२ मध्ये बत्तिसाव्या वर्षी गेला. हे खरंच आहे. पण त्या गोष्टीत चार वर्षं आहेत, दोन आठवडे नाहीत. ते चिनी भाषा शिकले आणि त्या भाषेत त्यांनी तिथल्या पोरांना शिकवलं, हा भाग आपल्या धड्यांमधून गळून पडतो. मला वाटतं तुमच्या मनात जी गोष्ट इतकी वर्षं बसलीये तिचं खरं वजन तिथे आहे, त्यामुळे तुमचा कल कॅम्पकडे बघून मला थोडं नवल वाटलं.

लॅप्रोस्कोपीच्या सेटबद्दल स्पष्टच लिहिते, नेऊ नका. म्हणजे आत्ता नको. आमच्या हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये असाच एक लॅप्रोस्कोपीचा टॉवर (कॅमेरा, दिवा, पडदा ठेवलेली उभी गाडी) होता, कुणीतरी मोठ्या प्रेमाने दिलेला, त्यावर चितेंजे टाकलेला, म्हणजे तिकडच्या बायका नेसतात ते छापील कापड. त्याचा बल्ब गेला होता, तो बल्ब त्या देशात मिळत नव्हता, पोट फुगवायला लागणारा सीओटू गॅसचा सिलेंडर भरून आणायला राजधानीला जावं लागायचं. त्यावर सिस्टर्स रजिस्टर ठेवायच्या. वस्तू नेण्याआधी विचारायचं की हे बिघडलं तर कोण दुरुस्त करणार, लागणारा माल इथे कुठे मिळतो, आणि मुळात त्यांनी मागितलंय का. त्यांना विचारलंत तर ते बहुतेक कॉटरीचा (रक्तवाहिन्या जाळून बंद करायच्या मशीनचा) पेडल, चांगला सक्शन, कपाळावरचे चार्जिंगचे दिवे असलं काहीतरी सांगतील. आणि तुमच्या हातातलं ओपन सर्जरीचं कसब, जे आपल्याकडच्या नव्या पोरांच्या हातून निसटत चाललंय, त्याची तिथे खरी किंमत आहे. सिझेरियन, पोट उघडणं, उघडं फ्रॅक्चर साफ करून बसवणं, ही तीन कामं जिथे धड होतात तिथे बाकीचंही बहुतेक होतं, असं मानतात. तुम्ही जनरल सर्जन आहात, फ्रॅक्चरचा हात गंजला असेल तर जाण्याआधी कुणा ऑर्थोपेडिक मित्राबरोबर दोन-तीन महिने उभे राहा.

नातेवाईकांचं म्हणणं, आपल्याकडे काय गरीब कमी आहेत. याचा राग मानू नका, प्रश्न रास्त आहे. मी असं म्हणेन की दोन्हीकडे जायचा रस्ता एकच आहे. गडचिरोलीत शोधग्रामला 'सर्च'च्या दवाखान्यात बाहेरचे सर्जन येऊन शिबिरं करतात, वर्षानुवर्षं, ठरलेल्या वेळी, मागे पेशंटकडे बघायला माणसं असताना. तिथे आधी जाऊन या, शिबिराच्या मागची व्यवस्था कशी असते ते बघा. आणि धुळे जिल्ह्यातलं दोंडाईचा तर तुम्हाला जवळच असेल. तिथल्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये आत बसवायच्या महागड्या जाळीऐवजी साध्या मच्छरदाणीचं कापड वापरायला सुरुवात केली, २००३ मध्ये इतर सर्जन्सबरोबर त्यावर पेपर लिहिला, आणि ती कल्पना तिथून आफ्रिकेत गेली. युगांडात तीनशेच्या वर पेशंटवर रीतसर ट्रायल झाली, २०१६ मध्ये छापून आली, वर्षभरानंतर स्वस्त जाळी आणि कंपनीची जाळी यांच्यात हर्निया परत येण्याच्या बाबतीत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. स्वस्त जाळी साधारण एका डॉलरची, दुसरी शंभराच्या वर. (कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी मात्र नाही हं, साधं कापड, आणि ऑटोक्लेव्हचं तापमान सांभाळून, नाहीतर आकसतं. हे नीट शिकूनच करायचं.) खानदेशातल्या एका गावच्या ओटीतली गोष्ट युगांडापर्यंत पोचली ती कॅम्पने नाही, लिहून आणि शिकवून. त्यामुळे "इथे की तिथे" असं मला वाटत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर हे सगळं लिहायला बसले ती. तुमच्या दोन पानी पत्रात मॅडमबद्दल दीड ओळ आहे. "बायको भूलतज्ज्ञ आहे" आणि "ती काही बोलत नाही". तुम्ही त्यांना घराची घडी यात धरलंय, आई, मुलीची शाळा, हॉस्पिटलचं कर्ज यांच्याबरोबर. डॉक्टर, मलावीत सर्जनपेक्षाही दुर्मिळ कोण असेल तर भूलतज्ज्ञ! जिल्ह्यांत भूल देतात ते भुलेचं ट्रेनिंग घेतलेले क्लिनिकल ऑफिसर्स, केटामाइनचं इंजेक्शन आणि स्पायनल (पाठीच्या कण्यात सुई देऊन कमरेखालची भूल) यांवर, आणि लहान मुलाला भूल द्यायची म्हटली की त्यांचा जीव मुठीत असतो. पल्स ऑक्सिमीटरसारखी साधी गोष्ट कमी पडते म्हणून त्यासाठी २०११ मध्ये लाइफबॉक्स नावाची वेगळी संस्था काढावी लागली. त्या भूल देणाऱ्या पोरांना शेजारी उभं राहून शिकवणारं माणूस तुमच्या घरातच आहे. मग ऑफर कदाचित तुमची नाहीच, त्यांची आहे, आणि तुम्ही सोबतीला जाणार आहात, असा विचार एकदा तरी करून बघितलात का? मला माहीत नाही त्या का गप्प आहेत. कदाचित जायचंच नसेल, आणि तो त्यांचा हक्क आहे, वर्षभर सासूबाई आणि दहावीची मुलगी आणि हॉस्पिटल एकटीने ओढायचं हे सोपं नाही आणि त्याचं कौतुक कुणी करत नाही. पण कदाचित त्या वाट बघत असतील की हा आपल्याला विचारतोय का. "मी जाऊ का" असं विचारू नका. "तू काय करशील, तुला काय वाटतं" असं विचारा आणि मग गप्प बसून ऐका, आपल्या पेशातल्या लोकांना ते जमत नाही.

मला विचाराल तर मी असं करेन. मुलगी नववीत आहे, म्हणजे दहावी पुढच्या वर्षी. वर्षभराची ऑफर देणाऱ्या हॉस्पिटलला कळवा की आम्हाला यायचंय पण दहावी झाल्यावर, आणि मधल्या काळात दोन आठवडे नुसतं बघायला येतो. दोघंही. हे दोन आठवडे कॅम्प नाही, टार्गेट नाही, ऑपरेशनला उभं राहायचं ते असिस्ट म्हणून. एक रात्र ड्युटीवर काढा, त्यांच्या मृत्यूंच्या मीटिंगला बसा, स्टोअरमध्ये जाऊन कपाटं उघडून बघा काय आहे काय नाही. त्यांना विचारा की आम्ही आलो तर नक्की कोण शिकणार, त्याचं नाव सांगा, आणि शिकल्यावर त्याची बदली होणार नाही ना. शिकणारा माणूस ठरलेला नसेल तर वर्षभर तुम्ही फक्त एक जादा सर्जन व्हाल आणि परत आल्यावर खड्डा तसाच. तिकडच्या सर्जन्सच्या प्रादेशिक कॉलेजने, जे १९९९ मध्ये स्थापन झालं, आपल्याच देशांतल्या हॉस्पिटल्समध्ये सर्जन तयार केले आणि त्यातले दहातले आठाहून जास्त जण ज्या देशात शिकले तिथेच टिकले, त्यामुळे तुमचं शिकवणं त्यांच्याच कुठल्यातरी कोर्सला जोडलेलं असेल असं बघा, वेगळी चूल मांडू नका.

कॅम्पलाच जायचं ठरलं, किंवा हे वाचणाऱ्या आणखी कुणाचं ठरलं असेल, तर निदान एवढं. लिस्ट त्यांनी ठरवायची, आपण नाही. इमर्जन्सीसाठी एक टेबल कायम मोकळं. धागे, ग्लोव्हज, स्पायनलच्या सुया आपल्या आपण न्यायच्या आणि उरलेलं ठेवून यायचं. मोठी केस शेवटच्या तीन दिवसांत घ्यायची नाही. आणि जो मागे राहून टाके काढणार आहे त्याच्याकडे तुमचा नंबर असू दे, आणि त्याचा फोन आला तर ओपीडी थांबवून उचला.

कागदपत्रांचं लवकर सुरू करा, वेळ खातं. मलावीच्या मेडिकल कौन्सिलचं तात्पुरतं रजिस्ट्रेशन लागतं, त्यासाठी आपल्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट, दोघांचंही. इन्शुरन्समध्ये आजारपणात बाहेर हलवण्याचा खर्च धरलेला आहे का ते बघा. मलेरियाच्या गोळ्या शेवटपर्यंत घ्या, मी कंटाळून सोडल्या होत्या आणि वर लिहिलंय काय झालं. एचआयव्हीचं प्रमाण तिथे आपल्यापेक्षा खूप जास्त आहे, डबल ग्लोव्हज, डोळ्यांना चष्मा, आणि सुई टोचली तर पीईपीच्या (एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून लगेच घ्यायच्या) गोळ्या ओटीतल्या कुठल्या कपाटात आहेत हे पहिल्या दिवशीच विचारून ठेवा. विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असेल तर यलो फिव्हरची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी, नाहीतर परत येताना आपल्याच विमानतळावर अडकाल.

भाषा चिचेवा. "मुली ब्वांजी" म्हणजे कसे आहात, "झिकोमो" म्हणजे धन्यवाद, आणि "पेपानी". हा तिसरा शब्द आधी शिका. त्याचा अर्थ सॉरी, पण तो चूक झाल्यावरच म्हणतात असं नाही, कुणाला दुखत असेल, कुणाचं काही बिनसलं असेल तरी म्हणतात. आमच्याकडची सिस्टर स्पायनल देताना पेशंटचे खांदे धरून पूर्ण वेळ हळू आवाजात पेपानी, पेपानी म्हणत राहायची आणि पेशंट हलायचा नाही.

हे पत्र मॅडमना वाचायला द्या. त्यांना मला वेगळं काही विचारायचं असेल तर त्यांनी स्वतः लिहावं, भुलेचं ट्रेनिंग तिथे कसं चालायचं ते मी त्यांना सविस्तर कळवेन.